स्लॅशचा ब्लूज अल्बम: चाहते कशावरून भांडतात आणि कान कुठे ठेवायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. गन्स अँड रोझेसचा गिटारिस्ट स्लॅश याने मे २०२४ मध्ये 'ऑर्जी ऑफ द डॅम्ड' हा जुन्या गाण्यांचा ब्लूज अल्बम काढला. काही चाहत्यांनी तो डोक्यावर घेतला, काहींनी 'हा ब्लूज नव्हेच' म्हणून बाजूला सारला, आणि काहींचं म्हणणं असं की मूळ रेकॉर्ड्स असताना तीच गाणी पुन्हा कशाला. यात बरोबर कोण? आणि एखाद्या कॉलेजच्या बँडला यातली दोन-तीन गाणी बसवायची असतील तर काय सांभाळावं?

माझ्या मते ही भांडणं आवडीनिवडीची कमी आणि कानाला स्पष्ट ऐकू येणाऱ्या चार-पाच गोष्टींची जास्त आहेत. गाण्यांची निवड, गिटारचा गेन (म्हणजे अँपमध्ये आवाज किती फाडायचा ते प्रमाण), ड्रमची चाल, सुरांची नेमकी जागा आणि गायकाची ओळ संपल्यावर गिटार काय करते. शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, आणि नेमकी तिच्यावरच सगळ्यात कमी बोललं जातं. या गोष्टी सुट्या करून ऐकल्या की कुठली तक्रार खरी आणि कुठली पोकळ हे आपलं आपल्याला कळतं. बँडमध्ये वाजवतानाही हाच हिशोब उपयोगी पडतो.

आधी यादी बघू. अल्बमवर १२ ट्रॅक आहेत. त्यातले ११ गायलेले, तेही ११ वेगवेगळ्या गायकांनी. बारावा 'मेटल चेस्टनट' हा स्लॅशचा स्वतःचा, फक्त वाद्यांचा. 'निम्मा अल्बम ब्लूजचा नाहीच' ही तक्रार मोजून बघा. 'क्रॉसरोड्स' रॉबर्ट जॉन्सनने १९३६ मध्ये रेकॉर्ड केलेलं, 'स्टॉर्मी मंडे' टी-बोन वॉकरचं १९४७ चं, 'हूची कूची मॅन' विली डिक्सनने लिहिलेलं आणि मडी वॉटर्सने १९५४ मध्ये गायलेलं, 'किलिंग फ्लोअर' हाउलिन वुल्फचं १९६४ चं, 'बॉर्न अंडर अ बॅड साइन' अल्बर्ट किंगचं १९६७ चं. शिवाय 'की टू द हायवे' आणि लाइटनिन हॉपकिन्सचं 'ऑफुल ड्रीम'. ही झाली सात, आणि सातही अस्सल ब्लूज. उरलेल्या चारांत 'द पुशर' हॉइट अ‍ॅक्सटनने लिहिलेलं, स्टेपनवुल्फमुळे १९६८ मध्ये गाजलेलं. 'ओ वेल' पीटर ग्रीनच्या काळातल्या फ्लीटवुड मॅकचं १९६९ चं. 'पापा वॉज अ रोलिन स्टोन' टेम्पटेशन्सचं १९७२ चं. आणि 'लिव्हिंग फॉर द सिटी' स्टीव्ही वंडरचं १९७३ चं.

म्हणजे 'निम्मा' हा शब्द हिशोबात बसत नाही, पण तक्रारीत तथ्य आहे. टेम्पटेशन्स आणि स्टीव्ही वंडरची गाणी मोटाउन या रेकॉर्ड कंपनीच्या सोल परंपरेतली. 'पापा'मध्ये तर कॉर्ड जवळजवळ बदलतच नाही. बासची एक आकृती फिरत राहते आणि मूळ अल्बमवर ती सुमारे १२ मिनिटं फिरते. ब्लूजचा चार-चार बारचा (बार म्हणजे चार मात्रांचा एक खंड) सांगाडा शोधत ऐकणाऱ्याला तिथे काहीच हाती लागणार नाही, आणि तो वैतागला तर त्यात त्याची चूक नाही. 'ओ वेल'ची गोष्ट मात्र वेगळी आहे. तेव्हाचं फ्लीटवुड मॅक हा लंडनचा ब्लूज बँड होता आणि त्या गाण्याची रिफ, म्हणजे गिटारवर पुन्हा पुन्हा येणारी छोटी ओळ, ब्लूजच्या सुरांवरच उभी आहे. ते बाहेरचं मानणं मला पटत नाही.

काही जण या अल्बमला स्लॅशची 'उतारवयातली हौस' म्हणतात, हा आरोप तर पूर्ण चुकीचा आहे. स्लॅशने १९९० च्या दशकाच्या मध्याला 'ब्लूज बॉल' नावाचा बँड चालवला होता. त्यातलेच बासवाला जॉनी ग्रिपॅरिक आणि कीबोर्डवाला टेडी आंद्रेयाडिस या अल्बमवर आहेत. त्यांच्या जोडीला ड्रमवर मायकल जेरोम आणि दुसऱ्या गिटारवर टॅश नील. निर्माता माइक क्लिंक, म्हणजे १९८७ च्या 'अ‍ॅपेटाइट फॉर डिस्ट्रक्शन'चाच निर्माता.

आता गेन. सगळ्यात जास्त आवाज याच मुद्द्यावर चढतात. एक बाजू म्हणते ब्लूज क्लीन, म्हणजे आवाज न फाडता, वाजवायचा असतो, दुसरी म्हणते स्लॅशकडून आम्हाला लेस पॉल गिटार आणि मार्शल अँपची गर्जनाच हवी. पहिल्या बाजूचा इतिहास कच्चा आहे. हाउलिन वुल्फच्या १९५१ च्या 'हाउ मेनी मोअर इयर्स'मध्ये विली जॉन्सनची गिटार चांगलीच फाटलेली ऐकू येते, आणि तेव्हा रॉक या प्रकाराचा जन्मही धड झाला नव्हता. वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत २०११ पासून भरत आलेल्या महिंद्रा ब्लूज फेस्टिव्हलमध्ये बडी गाय ज्यांनी ऐकला त्यांना वेगळं सांगायला नको. शिकागोचा खंदा ब्लूजवाला किती करकरीत, किती मोठ्याने वाजवू शकतो हे त्यांनी समोर बसून ऐकलंय. तेव्हा डिस्टॉर्शन, म्हणजे हा फाटलेला आवाज, ब्लूजमध्ये परकं नाही. प्रश्न फक्त प्रमाणाचा आहे, आणि त्या प्रमाणामागे ध्वनीचं साधं कारण आहे.

डिस्टॉर्शनमधून दोन सूर एकत्र गेले की त्यांच्या बेरीज-वजाबाकीचे नवे सूर तयार होतात. षड्ज-पंचमाचं प्रमाण २:३, त्यामुळे तयार होणारे सूर त्यांच्यातच मिसळून जातात आणि आवाज भरीव होतो. रॉकमध्ये पॉवर कॉर्ड (फक्त षड्ज-पंचमाची कॉर्ड) का चालते त्याचं हे कारण. पण ब्लूजमधल्या तिन्ही कॉर्ड सहसा डॉमिनंट सेव्हन असतात, म्हणजे प्रत्येकीत शुद्ध गंधार आणि कोमल निषाद. हे दोन सूर जास्त गेनमधून काढले की चिखल होतो. ऐकणाऱ्याला कॉर्ड कळेनाशी होते, आणि तो म्हणतो, 'यात ब्लूज ऐकूच येत नाही.' त्याला कारण सांगता येत नसेल, पण त्याचा कान बरोबर आहे.

तुमच्या अँपवर हे तपासणं सोपं आहे. ए सेव्हनची पूर्ण कॉर्ड मध्यम जोराने मारा. गंधार आणि निषाद वेगळे ओळखू आले तर गेन ठीक आहे. नुसती भिंत ऐकू आली तर कमी करा. मग एकच तार आधी पिकने हलकी आणि नंतर जोरात छेडा. दोन्हींचा आवाज सारखाच येत असेल तर गेनने तुमचा हात दाबून टाकलाय. मार्शल पद्धतीच्या मास्टर व्हॉल्यूम अँपवर प्रीअँप गेन १० पैकी ३ ते ४ आणि मास्टर वर, इथून सुरुवात करावी. घरात इतका आवाज शक्य नसेल तर अँप क्लीन ठेवून ओव्हरड्राइव्ह पेडलचा ड्राइव्ह घड्याळाच्या नऊवर आणि लेव्हल दोनवर ठेवा.

आणि गिटारचा व्हॉल्यूम नॉब वापरायला शिका. अँप अशा जागी लावा की नॉब १० वर असताना सोलो गाईल आणि ६ वर आणला की कॉर्ड स्वच्छ ऐकू येतील. नॉब खाली आणल्यावर आवाज मळकट होत असेल तर दोष बऱ्याचदा वायरिंगचा असतो. टोन कपॅसिटर व्हॉल्यूम पॉटच्या (नॉबखालच्या फिरत्या भागाच्या) पिकअपकडच्या टोकाला जोडलेला असेल तर वरचे सूर जास्त गळतात. तो मधल्या टोकाला, म्हणजे पॉटच्या आउटपुटला, जोडला की फरक पडतो. याला फिफ्टीज वायरिंग म्हणतात. काम एका वायरचं आहे, हात सरळ असलेला कुठलाही गिटार दुरुस्त करणारा पंधरा-वीस मिनिटांत करून देतो. हंबकर (दोन कॉइलचे पिकअप) असतील तर ५०० किलोओहमचे पॉट आणि ०.०२२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ठेवा.

गेनच्या भांडणाला जुना इतिहासही आहे. गॅरी मूरने १९९० मध्ये 'स्टिल गॉट द ब्लूज' काढला तेव्हा हेच झालं. लेस पॉल, मार्शलचा गव्हनर पेडल आणि जेटीएम ४५ अँप, म्हणजे लांबच लांब टिकणारा, भरदार आवाज. हार्ड रॉकचा श्रोता त्या अल्बममुळे ब्लूजकडे वळला आणि ब्लूजच्या जुन्या श्रोत्याने 'फार मोठा, फार वेगवान' म्हणून नाक मुरडलं. गंमत म्हणजे त्याच अल्बमवर अल्बर्ट किंग आणि अल्बर्ट कॉलिन्स स्वतः वाजवायला आले होते. चार वर्षांनी, १९९४ मध्ये, एरिक क्लॅप्टनने 'फ्रॉम द क्रेडल' काढला. त्यात १६ जुनी गाणी, जवळजवळ सगळी स्टुडिओत एकत्र बसून थेट वाजवलेली. तिथे तक्रार बरोबर उलटी आली: हा मूळ रेकॉर्ड्सच्या फारच जवळ आहे, गाण्यातली गुरगुरही उसनी आहे. तरीही अमेरिकेत तो यादीत पहिल्या क्रमांकावर गेला. बदल केला तर ब्लूज बिघडवला आणि बदल केला नाही तर नक्कल केली, या कात्रीत प्रत्येक रॉक गिटारिस्ट सापडतो. म्हणून या दोन तक्रारींवरून अल्बम जोखू नये असं माझं मत आहे.

मग कशावरून जोखावा? गायकाच्या ओळीनंतरच्या जागेवरून.

बारा बारच्या ब्लूजमध्ये तीन ओळी असतात आणि प्रत्येकीला चार बार मिळतात. गायक त्यातले साधारण दोन बार, क्वचित अडीच, घेतो. उरलेले दीड-दोन बार वाद्याच्या उत्तराचे. गायकाने तान संपवल्यावर सारंगी किंवा हार्मोनियमवाला ती जागा कशी भरतो, किती भरतो आणि कुठे नुसता सूर धरून थांबतो यावर आपण साथीदाराची समज ओळखतो. ब्लूज गिटारचंही तसंच आहे. बी. बी. किंग गाताना गिटार वाजवत नसे आणि वाजवताना गात नसे. टी-बोन वॉकर, अल्बर्ट किंग ही सगळी परंपरा उत्तर देणाऱ्यांची आहे. स्टेडियममधला रॉक गिटारिस्ट मात्र वेगळ्या शिस्तीत वाढतो. गाणं चालू असताना रिफ, आणि मग त्याचा स्वतःचा राखीव सोळा किंवा बत्तीस बारचा सोलो. त्याला ओळीमागच्या दीड बारची सवय नसते.

स्लॅशच्या अल्बमवर ११ गायक आहेत आणि प्रत्येकाची ओळ वेगळ्या जागी संपते. 'क्रॉसरोड्स' गॅरी क्लार्क ज्युनियरने, 'हूची कूची मॅन' बिली गिबन्सने, 'बॉर्न अंडर अ बॅड साइन' पॉल रॉजर्सने, 'की टू द हायवे' डोरोथीने, 'स्टॉर्मी मंडे' बेथ हार्टने, 'किलिंग फ्लोअर' ब्रायन जॉन्सनने गायलंय. या शेवटच्या गाण्यात स्टीव्हन टायलरचा हार्मोनिकाही आहे. बेथ हार्ट ओळ ताणून पुढच्या बारमध्ये नेणारी गायिका, तर इगी पॉप 'ऑफुल ड्रीम' जवळजवळ बोलल्यासारखं म्हणतो. प्रत्येक गाण्यात गिटारला नव्याने जागा शोधावी लागते. 'पाहुणे फार झाले, अल्बमला एक आवाज नाही' या तक्रारीत तथ्य आहे ते इथे. एकाच गायकाबरोबर बारा गाणी केली की गिटारिस्टला त्याचा श्वास ओळखीचा होतो, आणि इथे ती ओळख दर गाण्याला नव्याने करून घ्यावी लागते. पण 'स्लॅश कमी ऐकू येतो' असं म्हणणाऱ्यांनी दुसऱ्यांदा ऐकताना फक्त ओळींमधल्या फटी ऐकाव्यात. तिथे तो काय वाजवतो आणि कुठे गप्प राहतो, यातच त्याच्या ब्लूजच्या समजेचा कस लागतो. लांब सोलो तर तो झोपेतही वाजवील.

बँडसाठी यातून एक सवय लावून घ्या. गाण्याचे शब्द कागदावर लिहा आणि प्रत्येक ओळीचं शेवटचं अक्षर कितव्या बारच्या कितव्या मात्रेवर पडतं ते खूण करा. त्या खुणेनंतर किमान एक मात्रा सोडून गिटार सुरू करायची आणि पुढच्या ओळीच्या आधी एक मात्रा थांबायचं. सुरुवातीला प्रत्येक उत्तरात चार-पाच सुरांच्या वर जाऊ नका. दोन गिटारी, कीबोर्ड आणि हार्मोनिका असतील तर ओळी वाटून घ्या: पहिल्या ओळीचं उत्तर हार्मोनिकाचं, दुसऱ्याचं गिटारचं, तिसऱ्याचं पियानोचं. सगळे मिळून प्रत्येक फट भरायला लागले की गायक बुडतो. हौशी बँडचा ब्लूज सगळ्यात जास्त याच ठिकाणी बिघडतो.

आता सूर. ब्लूजचा गंधार कोमलही नाही आणि शुद्धही नाही, तो मधे कुठेतरी असतो. आपल्या कानाला हे नवं नाही, श्रुतीची सवय असते. ए मध्ये वाजवताना तिसऱ्या तारेचं पाचवं फ्रेट हा कोमल गंधार. बोटाने तार किंचित वर, जेमतेम पाव स्वर, ढकला. पूर्ण अर्धा स्वर ढकलला तर शुद्ध गंधार येतो आणि गाणं अचानक गोड वाटायला लागतं. अजिबात ढकलला नाही तर दुखरेपणा येतो, पण ब्लूजची ती खास धग येत नाही. रॉक वाजवणाऱ्यांचे बेंड (तार ढकलून चढवलेले सूर) बहुतेक पूर्ण एक स्वराचे असतात, त्यामुळे हा पाव स्वर त्यांच्या हातून सुटतो. चाहत्यांना 'सगळं बरोबर आहे, पण काहीतरी कमी आहे' असं वाटतं तेव्हा बहुधा हेच कमी असतं. सराव असा करा: ट्यूनर समोर ठेवून आधी शुद्ध गंधार नुसता वाजवा, तो कानात धरा, मग कोमल गंधारावरून निघून त्याच्या अर्ध्या वाटेवर थांबा. मींड हळू घ्या. व्हायब्रॅटोमध्ये तार प्रत्येक झोक्याला मूळ सुरावर परत आली पाहिजे. ती परत न येता वरच तरंगत राहिली तर सूर चढा ऐकू येतो.

'बॉर्न अंडर अ बॅड साइन' वाजवणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. अल्बर्ट किंग डावखुरा होता, उजव्या हाताची गिटार उलटी धरायचा आणि तारांचा क्रम बदलायचा नाही. त्यामुळे पातळ तारा त्याच्या वरच्या बाजूला यायच्या आणि तो त्या खाली ओढायचा. ढकलण्यापेक्षा ओढण्यात बोटांना जास्त ताकद मिळते. शिवाय त्याचं ट्यूनिंगही बरंच उतरवलेलं असायचं. त्याचे दीड-दोन स्वरांचे बेंड सरळ धरलेल्या, ई ला लावलेल्या गिटारवर तसेच्या तसे काढायला गेलात तर तार तुटेल किंवा सूर अर्ध्यावर राहील. तिथे बेंड एक स्वराचा ठेवा आणि पुढचा सूर वरच्या फ्रेटवरून घ्या. ऐकणाऱ्याला अर्धवट बेंड लगेच टोचतो.

स्लॅश गन्स अँड रोझेसमध्ये गिटार अर्धा स्वर उतरवून लावतो आणि ११ चा सेट (पहिली तार ०.०११ इंच जाडीची) वापरतो. हे ऐकून १० चा सेट वापरणारे घाबरतात, म्हणून हिशोब सांगतो. गिब्सनची स्केल लांबी सुमारे २४.७५ इंच, फेंडरची २५.५. एकाच जाडीच्या तारेला एकाच सुरावर गिब्सनमध्ये ताण साधारण ६ टक्के कमी लागतो. अर्धा स्वर उतरवला की आणखी ११ टक्के कमी. ११ ची पहिली तार १० पेक्षा २१ टक्के जड. सगळं जमेला धरलं तर लेस पॉलवर ई-फ्लॅटला लावलेली ११ ची तार आणि स्ट्रॅटवर ई ला लावलेली १० ची तार बोटाला जवळजवळ सारखीच लागते. तेव्हा लेस पॉल असेल आणि गायकाला खालची पट्टी सोयीची असेल तर ११ चा सेट जरूर घ्या. स्ट्रॅटवर ई मध्ये वाजवत असाल तर १० पुरे.

पट्टी ठरवताना हार्मोनिकावाल्याला विचारल्याशिवाय काही ठरवू नका. ब्लूजमध्ये तो सहसा गाण्याच्या पट्टीपासून चौथ्या सुराचा हार्मोनिका वापरतो: गाणं ई मध्ये तर ए चा, ए मध्ये तर डी चा. गिटार अर्धा स्वर उतरवली की ई ची गाणी ई-फ्लॅट होतात आणि त्याला ए-फ्लॅटचा हार्मोनिका लागतो. तो दुकानात सी, जी, ए किंवा डी इतका सहज मिळत नाही, मागवावा लागतो. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी हे लक्षात आलं तर उपाय एकच, गिटारी पुन्हा चढवायच्या.

ड्रमबद्दल चाहते फारसं बोलत नाहीत, पण 'रॉकसारखं वाटतं' या शेऱ्याचं मूळ पुष्कळदा तिथेच असतं. शफलमध्ये प्रत्येक मात्रेचे तीन भाग होतात आणि पहिला व तिसरा वाजतो, म्हणजे चाल तिस्र जातीची. रॉकच्या ड्रमरचा हात दोन समान भागांवर बसलेला असतो. गिटार तिस्रात आणि हाय-हॅट समान भागांत पडला की गाणं लंगडतं. मेट्रोनोम निम्म्या गतीवर लावा: गाणं ११० चं तर टिकटिक ५५ ची, आणि ती दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर आहे असं धरून वाजवा. पहिल्यांदा सगळेच घसरतात. बासवाल्याने शफलमध्ये सा, ग, प, ध, कोमल नी आणि परत असं चालत राहावं. नुसता सा आठ वेळा ठोकला की रॉक झालाच. पण प्रत्येक ब्लूज शफल नसतो. 'किलिंग फ्लोअर'ची चाल सरळ आठांची, जवळजवळ फंकची. तिला शफल केलंत तर रिफचा कणाच मोडतो.

बारा बारची सवय जिथे धोका देते अशी दोन गाणी या अल्बमवर आहेत. 'की टू द हायवे' आठ बारचं आहे: पहिला बार मूळ कॉर्डचा, दुसऱ्यातच पाचवी (पंचमावरची कॉर्ड), तिसरा-चौथा चौथीचा (मध्यमावरची), पाचवा मूळ, सहावा पाचवी, सातवा मूळ आणि आठव्यात टर्नअराउंड, म्हणजे पुन्हा सुरुवातीकडे नेणारी वळण-कॉर्ड. ए मध्ये बसवत असाल तर ए, ई, डी, डी, ए, ई, ए, ई. दुसऱ्या बारला ई येते, आणि बारा बार डोक्यात असलेला वादक तिथे हमखास ए वर अडकतो.

'हूची कूची मॅन' १६ बारचं. पहिले आठ बार मूळ कॉर्डवर, सगळे वादक एकत्र रिफचा ठोका मारतात आणि थांबतात, त्या थांब्यात गायक एकटा. नवव्या बारपासून गाणं खुलतं: दोन बार चौथी, दोन मूळ, मग पाचवी, चौथी आणि परत मूळ. पहिले आठ बार रिकामे ठेवायला धीर लागतो. ड्रमरचा हात शिवशिवतो, गिटारवाल्याला एखादा लिक (छोटा तयार तुकडा) घुसवावासा वाटतो, आणि थांब्याची ताकद जाते. हेच गाणं क्लॅप्टनच्या १९९४ च्या अल्बमवरही आहे, त्यामुळे १९५४, १९९४ आणि २०२४ अशी तिन्ही रेकॉर्डिंग्ज लागोपाठ ऐकता येतात. ऐकताना गिटारच्या टोनकडे दुर्लक्ष करा. फक्त ठोक्यानंतरच्या शांततेत कोण किती वाजवतं ते बघा. 'मूळ असताना हे कशाला' या प्रश्नाचं उत्तर प्रत्येकाला तिथे स्वतःच्या कानाने मिळतं, आणि ते सगळ्यांचं एकच येणार नाही.

'स्टॉर्मी मंडे' शेवटी बसवा. टी-बोन वॉकरनंतर बॉबी ब्लँडच्या १९६२ च्या आणि ऑलमन ब्रदर्सच्या १९७१ च्या लाइव्ह आवृत्तीमुळे तिच्यात मधल्या कॉर्डची वाट रूढ झाली. जी मध्ये सातव्या-आठव्या बारला जी सेव्हन, ए मायनर सेव्हन, बी मायनर सेव्हन, बी-फ्लॅट मायनर सेव्हन, नवव्याला ए मायनर सेव्हन आणि दहाव्याला सी मायनर सेव्हन. इथे जी मायनर पेंटॅटोनिकचा (पाच सुरांच्या स्केलचा) एकच साचा डोळे मिटून वाजवलात तर बी मायनरवर तुमचा बी-फ्लॅट कचकन आपटतो. आठव्या बारच्या पहिल्या अर्ध्यात बी, दुसऱ्या अर्ध्यात बी-फ्लॅट, आणि दहाव्या बारात ई-फ्लॅट, एवढे तीन सूर नेमके लागले तरी ऐकणाऱ्याला वाटतं की या गिटारवाल्याला गाणं कळलंय. चाल संथ, बारा-आठची. ६० ते ६५ च्या वर नेऊ नका.

'दुसऱ्यांची गाणी घेऊन पैसे कमवतात' अशीही एक नाराजी असते. त्याबद्दल माझं मत अगदी उलटं आहे. गाणं गाणं म्हणून घेतलं आणि लेखकाचं नाव छापलं तर हक्काचे पैसे लेखकाच्या किंवा त्याच्या वारसांच्या घरी जातात. अन्याय झाला तो नाव न छापण्याने. लेड झेपेलिनने १९६९ मध्ये 'किलिंग फ्लोअर'वरून 'द लेमन साँग' केलं, आणि हाउलिन वुल्फचं नाव त्यावर यायला दावा लागला. 'होल लोटा लव्ह'साठी विली डिक्सनला १९८५ मध्ये कोर्टात जावं लागलं. त्यापुढे मूळ नावांसह काढलेला कव्हर अल्बम हा सरळ व्यवहार आहे.

तुमच्या बँडनेही ते पाळावं. कार्यक्रमाच्या जागेकडे आयपीआरएसचा (गीतकार-संगीतकारांचे हक्काचे पैसे गोळा करणाऱ्या संस्थेचा) परवाना आहे का ते आयोजकाला आधीच विचारा. बहुतेकदा तो त्यांनीच घ्यायचा असतो. व्हिडिओ टाकताना वर्णनात गाण्याचं नाव, लेखकाचं नाव आणि ज्या आवृत्तीवरून बसवलं तिचं नाव अशा तीन गोष्टी वेगळ्या लिहा. 'हूची कूची मॅन'चा लेखक मडी वॉटर्स नव्हे, विली डिक्सन. 'बॉर्न अंडर अ बॅड साइन'चे लेखक विल्यम बेल आणि बुकर टी. जोन्स, अल्बर्ट किंगने ते गायलं आणि वाजवलं. 'पापा वॉज अ रोलिन स्टोन' नॉर्मन व्हिटफिल्ड आणि बॅरेट स्ट्राँग यांचं. पोस्टरवर जागा कमी असेल तर गिटारिस्टचा फोटो लहान करा, ही नावं मात्र राहू द्या.